विमान जमिनीला टेकते तेव्हा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप देण्यात आला. तो समारंभ आम्ही घरी टीव्हीवर पाहत होतो. आम्ही म्हणजे मी, आई आणि शेजारचे आबाजी. आबाजी मूळचे आर्वीकडचे. तरुणपणी ते हवाई दलात भरती झाले, विमानांच्या देखभालीच्या खात्यात पंधरा वर्षे राहिले आणि निवृत्तीनंतर वर्ध्याला स्थायिक झाले. पडद्यावर विमाने रांगेने गेली तेव्हा आई म्हणाली, "केवढी हिंमत लागत असेल!" आबाजींनी मान हलवली. "हिंमत उडवाले लागते, बाई. उतरवाले सवय लागते."

हे वाक्य मला काही केल्या सोडेना. सवय कशाची? आणि लढाऊ विमान चालवणाऱ्याला ती नसते की काय? पुढचे दोन-तीन महिने मी या विषयावर जे मिळेल ते वाचले आणि जे कळले नाही ते आबाजींना विचारले. मी कला शाखेची विद्यार्थिनी, विज्ञानाशी माझे नाते दहावीत संपले. तेव्हा वाचकांत कोणी भौतिकशास्त्राचे जाणकार असतील तर त्यांनी माझी ढोबळ भाषा सांभाळून घ्यावी.

आधी मी पाहिलेली गोष्ट सांगते. एन.सी.सी.च्या शिबिरानिमित्त दिल्लीला गेले असताना आम्हाला पालमचे हवाई दल संग्रहालय दाखवले होते. तिथे दुसऱ्या महायुद्धातली हरिकेन आणि स्पिटफायर ही विमाने आहेत. स्पिटफायर पाहिले की माणूस हरखून जातो, इतके ते देखणे आहे. पण खाली वाकून पाहिले तर त्याचे पाय त्या देहाला शोभत नाहीत. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा मीटरच्या वर, आणि दोन चाकांमधले अंतर पावणेदोन मीटरच्या आतबाहेर. पाय धडाजवळ बसवलेले आणि बाहेरच्या बाजूला मिटणारे. हरिकेनचे पाय पंखात दूर बसवलेले आणि आतल्या बाजूला मिटणारे, त्यामुळे ते ऐसपैस उभे राहते. त्या दिवशी मला यातले काही कळले नव्हते. स्पिटफायर पाय जुळवून उभे आहे एवढेच वाटले होते.

त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांना पुढे दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक लहान चाक असे. अपघातांचे मूळ बरेचसे या रचनेत आहे, आणि ते समजायला आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या बाजारात जाऊन उभे राहावे. ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत सरळ येतो तेव्हा कोणाला काही कष्ट नसतात. ट्रॉली थोडी वाकडी झाली तरी पुढची ओढ तिला आपोआप सरळ करते. पण तीच ट्रॉली मागे रेटत काट्यावर लावायची असली की ड्रायव्हरचा कस लागतो. ती एक वीत वाकडी झाली की लगेच हात होते, हाताची वाव होते, आणि सावरले नाही तर ट्रॉली ट्रॅक्टरलाच आडवी येते. कारण आता जोर मागून लागत असतो.

शेपटीवर चाक असलेल्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. धावपट्टीवर ते पळत असते तेव्हा त्याचे वजन चाकांना मागून रेटत असते, त्या ट्रॉलीसारखेच. नाक किंचित वळले की मागचे वजन त्याला आणखी वळवते. वैमानिकाने पायाने सुकाणू दाबून ते त्याच क्षणी मोडून काढले नाही तर विमान स्वतःभोवती गिरकी घेते. मग एक पंख जमिनीला घासतो, बाहेरच्या बाजूचा पाय मोडतो, पंखा वाकतो. चाके जवळजवळ असली तर पंख टेकायला वेळ लागत नाही. बरे, घाबरून ब्रेक जोरात दाबावा तर निराळेच संकट. बंडीत मागे भार जास्त झाला की ती उलार होते हे आपण जाणतो. इथे त्याच्या उलट होते, शेपूट उचलली जाते आणि विमान नाकावर उभे राहते.

आणखी एक खोड. विमान जोरात टेकले तर मागचे वजन शेपटीला खाली खेचते, नाक वर होते, पंखांना पुन्हा हवा मिळते आणि विमान उसळी मारते. म्हणजे वैमानिक आता जमिनीपासून पाच-सात फूट वर, वेग संपलेला, आणि विमान कोणत्याही क्षणी दगडासारखे पडायला तयार. अशा वेळी उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा उडायचे असेल तर इंजिनाला जोर द्यावा लागतो. तो जोर एकदम दिला तर प्रचंड पंख्याच्या उलट्या धक्क्याने विमानच कलंडते. जोर द्यायचा, पण हळू द्यायचा, आणि हाताशी वेळ दोन सेकंद!

यात वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसत नाही, हे मला सगळ्यांत नवल वाटले. स्पिटफायरचे इंजिन लांबलचक. तीन चाके एकदम टेकावीत म्हणून नाक वर धरले की समोरचे सगळे त्या नाकाआड जाते. म्हणून हे वैमानिक सरळ न येता कमानीसारखे वळण घेत येत, डाव्या खांद्यावरून पट्टीकडे पाहत, आणि अगदी शेवटी विमान सरळ करत. त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दिसतील तेवढ्यावरच अंदाज. वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर. युद्धकाळात या विमानाच्या दोन आसनी प्रशिक्षण आवृत्तीचा प्रघात नव्हता. पुस्तिका वाचायची, विमानात बसून डोळे बांधून एकेक कळ हाताने ओळखून दाखवायची, आणि पहिल्याच उड्डाणाला एकट्याने जायचे. मागच्या आसनावर "अरे, पाय दाब!" म्हणणारे कोणी नाही.

भारतीय हवाई दलात स्पिटफायर १९४४ साली आले, ते प्रथम आठव्या क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाले. ज्या पिढीने ती विमाने हाताळली तिच्यात आपले मराठी वैमानिकही होते. हृषीकेश मुळगावकर हे त्यांतले ठळक नाव. १९४० साली त्यांना कमिशन मिळाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर ते लढले, १९४८ च्या काश्मीरच्या लढाईतल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले आणि १९७६ ते १९७८ ते हवाई दलाचे प्रमुख होते. त्यांच्या पिढीने दुपंखी विमानांपासून हरिकेन, स्पिटफायर, टेंपेस्ट आणि १९४८ च्या अखेरीस आलेले व्हँपायर हे जेट विमान, एवढी मजल आठ-दहा वर्षांत मारली. माझ्या मते या पिढीच्या शौर्याचे कौतुक पुष्कळ झाले, पण इतक्या वेळा नव्याने शिकण्याचे मात्र झाले नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. आपण सहज म्हणतो की अपघात नवशिक्याच्या हातून होतात, अनुभवी माणसाच्या हातून होत नाहीत. मीही हेच धरून चालले होते. पण कसला अनुभव, हा प्रश्न विचारला की चित्र बदलते.

त्या काळी प्रशिक्षणासाठी हार्वर्ड नावाचे अमेरिकन विमान सर्वत्र वापरत. त्याचे इंजिन सुमारे ६०० अश्वशक्तीचे. वैमानिकाच्या आसनावरून पाहिले तर त्याचा पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे जोर दिला की विमान डावीकडे ओढ घेते आणि वैमानिकाला उजवा पाय दाबावा लागतो. मर्लिन इंजिनाच्या हरिकेनचे आणि स्पिटफायरचेही तसेच. शे-दोनशे तास उडाल्यावर हे वैमानिकाला आठवावे लागत नाही, ते त्याच्या पायाला माहीत असते. पण स्पिटफायरच्या पुढच्या आवृत्त्यांत, म्हणजे भारतातही वापरल्या गेलेल्या चौदाव्या आणि अठराव्या आवृत्तीत, ग्रिफन इंजिन आले, आणि त्याचा पंखा उलटा फिरतो. टेंपेस्टच्या सेंटॉरस इंजिनाचाही उलटाच, आणि त्याची ताकद जवळजवळ २५०० अश्वशक्ती! म्हणजे विमान आता उजवीकडे ओढते. ज्याने मर्लिनवर पाचशे तास घालवले त्याचा उजवा पाय संकटाच्या क्षणी आपण होऊन पुढे जाणार, आणि नेमका तोच पाय त्याला पट्टीच्या बाहेर नेणार. नवशिका निदान विचार करील. या माणसाला विचार करण्याची गरजच वाटणार नाही.

ब्रेकचेही तसेच. हार्वर्डचा ब्रेक पायाच्या चवड्याने दाबायचा, स्पिटफायरचा हाताने, कारण त्याची कळ सुकाणूच्या दांड्यावर असते. स्कूटरवरून मोटारीत बसलेला माणूस पहिले काही दिवस हाताच्या मुठी आवळतो, तसा प्रकार. आपल्याला त्याचे हसू येते, कारण आपण ताशी तीस किलोमीटरने जात असतो.

जमिनीऐवजी जहाजावर उतरायचे असेल तर काय होते ते १९४३ च्या सप्टेंबरात इटलीतल्या सालेर्नोच्या किनाऱ्याजवळ दिसले. स्पिटफायरचेच आरमारी रूप असलेली सीफायर विमाने लहान, संथ जहाजांवर उतरत होती, आणि समुद्रावर वारा जवळजवळ नव्हता. शत्रूने पाडली त्यापेक्षा कितीतरी अधिक विमाने उतरताना मोडली.

हे सगळे मी आबाजींना उत्साहाने सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले. मग चहाची कपबशी खाली ठेवून त्यांनी मला जे सांगितले ते यापूर्वी त्यांनी घरातही कोणाला सांगितले नव्हते.

१९७० च्या आसपासची गोष्ट. ते एका प्रशिक्षण तळावर हार्वर्ड विमानांवर काम करत होते. रोज सकाळी विमान तपासायचे आणि ते उडण्यास योग्य आहे असे फॉर्म ७०० वर लिहून सही करायची, हे त्यांचे काम. एके दिवशी त्यांनी सही केलेले विमान एक तरुण अधिकारी घेऊन गेला. परत आला, सुरेख उतरला. तिन्ही चाके एकदम टेकली. आबाजी पट्टीच्या कडेला उभे राहून पाहत होते. विमान धावत निम्म्या पट्टीपर्यंत आले, वेग कमी झाला, आणि "झालं" असे वाटून त्याचे पाय सैल पडले असावेत. बाजूने थोडा वारा होता. विमान गरकन फिरले. एक पाय मोडला, पंख घासत गेला, धूळ उडाली. मुलगा वाचला. कपाळाला खोक पडली होती एवढेच. चौकशी झाली. यंत्रात दोष नव्हता. निष्कर्ष निघाला, वैमानिकाची चूक. थोड्याच दिवसांत त्याचे उडणे बंद झाले, मग तो कुठे गेला ते आबाजींना कधी कळले नाही.

"मले आनंद झाला होता, पोरी," आबाजी म्हणाले. "माही सही होती ना खाली. यंत्रात दोष निघाला असता तर मी गेलो असतो. त्याची चूक निघाली अन् मी देवाले नारळ फोडला."

मी काहीच बोलले नाही.

"पण त्या पोराले कावीळ झाली होती. दीड महिना तो दवाखान्यात होता. आल्यावर ते त्याचं तिसरं का चौथं उड्डान. दीड महिना त्याच्या पायाखाली विमान नव्हतं, हे त्या कागदात कोनं लिहिलं? मले मालूम होतं. मले कोनी विचारलं नाही, अन् मीबी सांगतलं नाही."

'सवय' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आपण वैमानिकाचा अनुभव एकूण तासांत मोजतो. पण एकूण तास ही फार फसवी संख्या आहे. या विमानावर किती तास, आणि मागच्या महिन्यात किती, हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे. गाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दीड महिना रियाज सुटला की गळा ऐकत नाही, मग बैठक वीस वर्षांची का असेना. तीन चाके टेकल्यावरही पाय सैल न सोडणे ही गोष्ट त्या मुलाला माहीत नव्हती असे नाही. ती त्याच्या पायाला माहीत राहिली नव्हती.

जेट विमाने आली तशी शेपटीचे चाक जाऊन नाकाखाली चाक आले. भार मुख्य चाकांच्या पुढे गेला, म्हणजे ट्रॉली रेटण्याऐवजी ओढली जाऊ लागली, आणि गिरकीचा आजार जवळजवळ संपला. समोरची पट्टीही दिसू लागली. पण त्याची किंमत दुसरीकडे वसूल झाली. मिग-२१ चे पंख लहान त्रिकोणी. असे पंख वेगासाठी उत्तम, पण कमी वेगात त्यांना आधार नाही. त्यामुळे ते विमान जमिनीला टेकताना ताशी ३०० किलोमीटरच्या घरात असे आणि पट्टीवर थांबवायला मागे छत्री सोडावी लागे. येताना वेग जरा जास्त घालवला तर ते झपाट्याने खाली बसू लागे, आणि जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. नाक वर असल्याने समोरचे दिसणेही बेताचेच.

या विमानाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे. ते १९६३ साली भारतात आले आणि पुढे नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधले जाऊ लागले. प्रश्न असा होता की किरणसारख्या सौम्य प्रशिक्षण विमानावर शिकलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा मिगवर जायचा तो कोणत्या पायरीवरून? मधली पायरी पुरेशी नव्हती. मिगची दोन आसनी आवृत्ती होती, पण तिच्यात मागच्या शिक्षकाला उतरताना समोरचे पाहण्यासाठी आरशांच्या दुर्बिणीचा आधार घ्यावा लागे. अपघातांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या एअर मार्शल ला फॉन्टेन यांच्या समितीने १९८२ साली प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे असे सांगितले. हॉक विमानांचा करार २००४ साली झाला, आणि ती बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ साली. समितीच्या सूचनेपासून कराराला बावीस वर्षे लागली. या बावीस वर्षांत ज्यांच्या नावापुढे 'वैमानिकाची चूक' असे लिहिले गेले त्यांच्या चुकीत या विलंबाचा वाटा किती, हे मोजायला कुठलाही रकाना नाही.

पुण्याच्या गाडगीळ कुटुंबाची हकीकत इथे आठवल्याशिवाय राहत नाही. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ विमान १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातल्या सुरतगढ येथे उड्डाण करताच कोसळले. हा अपघात उतरतानाचा नव्हे, पण प्रश्न तोच. दोष वैमानिकाच्या दिशाभ्रमाचा असे म्हटले गेले. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी ते मान्य केले नाही आणि मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी अनेक वर्षे जाहीरपणे मांडला. वडील अनिल गाडगीळ हे स्वतः हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. या दांपत्याने पुढे पुण्यात मुलाच्या नावाने जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली. मुलगा गेल्यावर आईवडिलांनी शिकवणारी संस्था काढावी, याचा अर्थ मला आबाजींच्या हकीकतीनंतर अधिक कळला.

आज जी जुनी विमाने हौसेने जपून उडवली जातात त्यांच्या बाबतीत हा धडा चांगला मुरलेला दिसतो. इंग्लंडच्या हवाई दलाची जुन्या विमानांची एक तुकडी आहे. तिथले वैमानिक एरवी आधुनिक जेट विमाने चालवणारे मुरलेले लोक असतात. पण त्यांनाही आधी चिपमंक या लहानशा शेपटीचाकी विमानावर बसवतात, मग हार्वर्ड, मग ऐसपैस पायांचे हरिकेन, आणि त्यानंतरच स्पिटफायर. ध्वनीच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला ताशी शंभर किलोमीटरचे विमान उतरवायला पुन्हा पहिलीत बसावे लागते. आपल्या हवाई दलानेही जुनी विमाने पुन्हा उडती केली. २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनला टायगर मॉथ उडाले, २०१८ साली डाकोटा आले. ही दोन्हीही शेपटीवर टेकणारीच.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आबाजींना वाचून दाखवला. ट्रॉलीच्या उदाहरणाला त्यांनी हरकत घेतली. "ट्रॅक्टरवाला मान वळवून मागं पाहू शकते. थांबूबी शकते. याले थांबता येत नाही, हे लिही." मी म्हटले, लिहिते. नारळाची गोष्ट काढून टाकू का, असेही विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राहू दे. पन त्याची कावीळ आधी लिही, मंग माहा नारळ."

तेवढे मात्र मी ऐकलेले नाही. त्यांनी मला ज्या क्रमाने सांगितले त्याच क्रमाने ते वर दिले आहे.